सखाराम हवालदाराचं प्रमोशन

मंडळी, एक सोपा प्रश्न. पोलिसांवरचा हिंदी सिनेमा म्हटला की डोळ्यांसमोर कोण येतं? 'जंजीर'मधला विजय खन्ना, 'दीवार'मधला शशी कपूर, 'सिंघम'मधला बाजीराव. सगळे अधिकारी. आता मराठी सिनेमातला पोलीस आठवा. दहापैकी आठ जण म्हणतील, पांडू हवालदार. हिंदीला साहेब सापडला आणि आपल्याला हवालदार, हे असं का झालं असावं? गेले दोन-तीन वीकेंड हा किडा डोक्यात वळवळतोय. म्हणून आजचा लेख.

विषय तसा जुना आहे. 'पांडू हवालदार' आला १९७५ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधी. आमच्या कड्याला (तालुका आष्टी, जिल्हा बीड. नकाशात शोधायचं तर अहिल्यानगरहून आष्टीकडे या, वाटेत लागतं) वडिलांच्या पिढीनं दादा कोंडक्यांचे सिनेमे जत्रेतल्या तंबूत बसून बघितले. माझ्या पिढीनं ते टीव्हीवर आणि मोबाईलवर बघितले. पडदा लहान होत गेला, पण हसू तेवढंच राहिलं.

पण सिनेमाकडे जाण्याआधी 'हवालदार' या शब्दाकडे जाऊ, कारण खरी गंमत तिथून सुरू होते.

किल्ल्याचा मालक ते चौकातला शिपाई

हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काहीतरी केलेलं आहे तो. शिवकाळात हा शब्द भलताच वजनदार होता. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे असत. दरवाजा कधी उघडायचा आणि कधी लावायचा, हे तो ठरवायचा. थोडक्यात, रूट ॲक्सेस त्याच्याकडे!

पुढे इंग्रजांच्या फौजेत हवालदार म्हणजे सार्जंटच्या बरोबरीचा देशी माणूस झाला. पोलिसात तो हेड कॉन्स्टेबल झाला. त्याच्या वर फौजदार, इन्स्पेक्टर आणि मग गोरे साहेब. साहेबाला फुल पँट आणि शिपाई-हवालदाराला अर्धी चड्डी. कपड्यांवरूनच कळायचं की हुकूम कोण देणार आणि उन्हात कोण उभं राहणार. ज्याच्या हातात गडाच्या किल्ल्या होत्या, त्याच्या हातात आता दंडुका उरला.

आमच्या मराठवाड्यात तर पोलीस या शब्दाला आणखी एक पदर आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारनं सैन्य घातलं आणि त्या कारवाईला नाव पडलं 'पोलीस ॲक्शन'. आमच्याकडची म्हातारी माणसं आपलं वय त्यावरून सांगायची, 'पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी एवढा होतो.' तेव्हा 'पोलीस' आणि 'ॲक्शन' हे दोन शब्द आमच्या भागात सिनेमाच्या कितीतरी आधी एकत्र आले. कॉमेडी तेवढी नंतर आली.

आधी वग, मग सिनेमा

ती कॉमेडी आली वगातून. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगमंचावर आलं. मूळ गोष्ट छपरी पलंगाच्या वगाची. राज्यातली कोतवालाची जागा रिकामी झालीय. हवालदाराला ती हवीय, पण प्रधानाला तिथे आपला माणूस बसवायचाय. मध्ये मैनावती आहे आणि वर एक राजा आहे, ज्याला राज्यात काय चाललंय याचा पत्ता नाही. आजच्या ऑफिसात बसून वाचलं तरी ओळखीचं वाटेल असं कथानक. :)

त्यातला हवालदार करायचे कृष्णा कोंडके, म्हणजे आपले दादा. जन्म १९३२, मुंबईच्या गिरणगावातला. सेवा दलाच्या बँडमध्ये वाजवलं, अपना बाजारमध्ये नोकरी केली आणि मग रंगमंचावर उभं राहून सरकारला टपल्या मारायला लागले. 'विच्छा'ची खासियत अशी की संहिता ठरलेली असली तरी दादा रोजच्या बातम्यांवर नवीन वाक्यं टाकायचे. काल मंत्री काही बोलला की आज रात्री हवालदार त्यावर बोलणार. राजा आणि प्रधान समोर बसलेत, त्यांची चाकरी करणारा हवालदार त्यांचीच टर उडवतोय आणि थिएटरातले गिरणी कामगार टाळ्या देताहेत.

माझ्या मते मराठी विनोदी पोलिसाचा पाया इथे आहे. हवालदार सत्तेचा नोकर आहे खरा, पण तो सत्तेचा माणूस नाही. तो आपला माणूस आहे, फक्त कपडे सरकारचे घातलेत.

कोतवाल या पात्राचं दुसरं टोक बघायचं असेल तर विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' आठवा. १९७२ चं नाटक. तिथे बाहेरून आलेल्या एका अपमानित माणसाच्या हातात कोतवाली येते आणि तो राक्षस होतो. सात वर्षांच्या अंतरानं आलेली ही दोन मराठी नाटकं, दोन्हींत कोतवालीची खुर्ची आहे. एकात हसता हसता कळतं की खुर्ची वशिल्यानं मिळते. दुसऱ्यात घाबरत कळतं की मिळाल्यावर माणसाचं काय होतं.

१९७५

दादांना सिनेमात आणलं भालजी पेंढारकरांनी, १९६९ च्या 'तांबडी माती'त. मग १९७१ ला 'सोंगाड्या', १९७२ ला 'एकटा जीव सदाशिव', दोन्ही तुफान चालले. 'सोंगाड्या'साठी दादरचं कोहिनूर थिएटर मिळत नव्हतं आणि मग शिवसेना रस्त्यावर उतरली, ही गोष्ट आता दंतकथा होऊन बसलीय. या सिनेमांचं दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं होतं. १९७५ च्या 'पांडू हवालदार'मध्ये मात्र दादा स्वतः दिग्दर्शक झाले. निर्माता, नायक, दिग्दर्शक, सगळं एकच. आणि स्वतःच्या दिग्दर्शनासाठी त्यांनी पात्र निवडलं ते रंगमंचावर वर्षानुवर्षं केलेलं, हवालदाराचं.

तो काळ लक्षात घ्या. डिसेंबर १९७४ मध्ये स्मगलरांना स्थानबद्ध करता यावं म्हणून 'कोफेपोसा' कायदा आला. वर्तमानपत्रांत हाजी मस्तानची नावं झळकत होती. जानेवारी १९७५ मध्ये 'दीवार' आला. एक भाऊ स्मगलर, दुसरा पोलीस अधिकारी, मध्ये आई. जून १९७५ मध्ये आणीबाणी. मुंबईत तेव्हा स्मगलर, पोलीस आणि सरकार हे तिन्ही शब्द रोज एका वाक्यात यायचे. त्याच वर्षी, त्याच मुंबईतल्या पोलिसांवर दादा सिनेमा काढतात, पण त्यांचा पोलीस भाषण देत नाही आणि पुलाखाली उभा राहून भावाशी वादही घालत नाही. तो अर्ध्या चड्डीत ड्युटी करतो, उषा चव्हाणांच्या पारू केळेवालीशी त्याची जुगलबंदी चालते आणि शेजारी उभा असतो सखाराम.

हा सखाराम म्हणजे अशोक सराफ. (आला, मुद्दा आला!)

बँकेतला माणूस वर्दीत

आज 'अशोकमामा' म्हटलं की पुरतं. २०२३ चा महाराष्ट्र भूषण, २०२५ ची पद्मश्री. पण १९७५ साली हे काहीच नव्हतं. जन्म १९४७ चा, मुंबईतच वाढलेले, मामा गोपीनाथ सावकार नाटकवाले. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे पर्मनंट नोकरी धरलेली, स्टेट बँकेत. जवळजवळ दहा वर्षं बँक आणि नाटक असं दोन्ही चाललं. १९७१ च्या 'दोन्ही घरचा पाहुणा'मध्ये छोटी सुरुवात झाली होती. पण लोकांनी चेहरा ओळखायला सुरुवात केली ती 'पांडू हवालदार'पासून.

आपल्यापैकी किती जण दिवसभर कोड लिहून रात्री नाटकाच्या तालमीला जातात, गिटार शिकतात, किंवा माझ्यासारखं शनिवारी असलं काहीतरी खरडतात? त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मराठीतला सगळ्यात मोठा विनोदी नट वर्षानुवर्षं सकाळी बँकेत सही करत होता.

दादांसमोर उभं राहणं सोपं नव्हतं. सिनेमा त्यांचा, पैसा त्यांचा, टाळ्या त्यांच्यासाठी ठरलेल्या. अशा ठिकाणी नवखा नट एकतर दबून जातो, नाहीतर ओरडायला लागतो. सराफांनी दोन्ही केलं नाही. दादांचं हत्यार जीभ. वाक्याला दोन अर्थ, पैकी एक पोस्टरवर छापता येणार नाही असा. सराफांनी चेहरा वापरला. वाक्य संपल्यावरचा अर्धा सेकंद त्यांनी आपल्याकडे ठेवला. बघणं, थांबणं आणि मग न बोलणं. पुढची चाळीस वर्षं आपण ज्या टायमिंगवर जीव टाकला, ते इथे पहिल्यांदा नीट दिसतं. दोन वर्षांनी 'राम राम गंगाराम'मध्ये त्यांनी म्हमदू खाटीक केला आणि मग मागे वळून बघायचं कारण उरलं नाही.

सिनेमा इतका चालला की १९७७ मध्ये दादांनी त्याचा गुजराती अवतार काढला, 'चंदू जमादार'. आणि महाराष्ट्रात एक नवीन शब्द जन्माला आला. तोपर्यंत पोलीस म्हणजे मामा होता. आता तो पांडू झाला.

वेषांतर उलटं

इथे मला एक गोष्ट मांडायचीय. हिंदीत पोलिसांच्या सिनेमाचा एक लाडका प्रकार म्हणजे वेषांतर. 'जॉनी मेरा नाम'मध्ये (१९७०) देव आनंद सीआयडी अधिकारी आहे, पण टोळीत चोर बनून शिरतो. वर्दी काढायची, गुंड व्हायचं, शेवटच्या रिळात पुन्हा खरा चेहरा दाखवायचा. जगभर हेच सूत्र आहे.

मराठी विनोदी पोलिसात हे सूत्र उलटं फिरतं. पांडू आणि सखाराम वर्दी उतरवून कुणी दुसरे होत नाहीत. वर्दी हेच त्यांचं सोंग आहे. आत लालबागचा, नाहीतर घाटावरचा साधा माणूस लपलाय. पगार कमी, घर लहान, साहेब तापट. सरकारच्या कपड्यांत शिरलेला आपला हेर म्हणा ना. सिनेमाभर गंमत एकच, हा आतला माणूस कधी बाहेर डोकावतो. डोकावला की पब्लिक शिट्ट्या मारतं, कारण आपला माणूस ओळखू येतो.

मग हसू कुठे थांबतं?

हे सगळं झालं पडद्यावर. बाहेर काय चाललं होतं?

१९८२ साल. जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झालेला. पोलीस शिपायांचीही तेव्हा संघटना होती आणि तिच्या मागण्या होत्या. पगार, ड्युटीचे तास, घरं, साहेबांची वागणूक. ऑगस्टमध्ये बाबासाहेब भोसले यांच्या सरकारनं त्या संघटनेची मान्यता काढली आणि नेत्यांना अटक केली. १८ ऑगस्टला मुंबईचे शिपाई रस्त्यावर आले. दंगल झाली. पोलिसांना आवरायला लष्कर बोलवावं लागलं! नंतर कित्येक जणांच्या नोकऱ्या गेल्या. संघटना संपली ती संपलीच.

सात वर्षांपूर्वी याच शिपायाला बघून याच शहरानं पोट धरून हसून घेतलं होतं. पांडूची अर्धी चड्डी, साहेबाची बोलणी, न संपणारी ड्युटी हे सगळे विनोद होते. १९८२ मध्ये तेच सगळे मागणीपत्रात आले. दादांच्या सिनेमानं शिपायाचं दुःख लपवलं असं मी म्हणणार नाही. उलट ते दाखवलं, आणि आपल्यातला एक म्हणून दाखवलं. पण हसून झाल्यावर आपण घरी गेलो. जाताना सोबत 'पांडू' हा शब्द तेवढा घेऊन गेलो.

लाल रंगाला घाबरणारा पोलीस

पुढचा टप्पा १९८७ चा, महेश कोठारेंचा 'दे दणादण'. महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही पोलीस. लक्ष्याचा 'धूमधडाका' (१९८५) येऊन दोनच वर्षं झाली होती. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करून 'टुरटुर'मधून (१९८३) वर आलेला हा मुलगा आता घराघरात शिरत होता. 'दे दणादण'मध्ये त्याच्या अंगात अचाट शक्ती येते. गुंडांना तो चेंडूसारखं उडवतो. अट एवढीच की लाल रंग दिसला की शक्ती गायब!

सुपरमॅनचा क्रिप्टोनाइट आपल्याकडे आला तो असा. मला मात्र यात आणखी काहीतरी दिसतं. १९७५ चा हवालदार साधा माणूस होता आणि साधाच राहिला. १९८७ च्या पोलिसाला जिंकायला चमत्कार लागतो. वर्दीत शक्ती नाही हे सिनेमानंही मान्य करून टाकलं, वरून मागवावी लागली. मी जास्त वाचतोय का? असेल. पण १९८२ मध्ये आणि १९८७ मध्ये पाचच वर्षांचं अंतर आहे.

त्यानंतर कोठारेंनी पोलिसाला हळूहळू बढती दिली. 'थरथराट' (१९८९) आणि 'झपाटलेला'मध्ये (१९९३) ते इन्स्पेक्टर महेश जाधव झाले. लक्ष्या वर्दीबाहेर गेला, कधी पत्रकार, कधी बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा. साहेब हीरो, विनोद सिव्हिलियन, असं वाटप झालं. म्हणजे आपणही हिंदीच्या वाटेनं निघालो. २०२१ च्या डिसेंबरात विजू माने यांचा 'पांडू' आला, भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांना घेऊन, दादांना सलाम म्हणून. इतक्या वर्षांनी सलाम करायलाही हवालदारच लागला.

छत्तीस वर्षं, तोच हुद्दा

आता या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. २०११ ला रोहित शेट्टीचा 'सिंघम' आला. अजय देवगण इन्स्पेक्टर, जीप उडतात, झाडं उपटली जातात. त्याच्या ठाण्यात एक वयस्कर हेड कॉन्स्टेबल आहे. कोण? अशोक सराफ!

हेड कॉन्स्टेबल म्हणजे मराठीत काय? हवालदार. १९७५ मध्ये सखाराम हवालदार, २०११ मध्ये पुन्हा हवालदार. छत्तीस वर्षं नोकरी आणि प्रमोशन शून्य. आपल्याकडे तीन वर्षांत 'सीनियर' लागलं नाही तर लोक रिझ्यूमे अपडेट करतात.

हे मी माझ्या चुलत्यांना सांगितलं. ते पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "मग त्यात काय नवल हाय? बरोबरच दाखवलंय त्यांनी." मी विचारलं, "नाना, लोक पांडू म्हणायचे तेव्हा राग नाही यायचा?" ते म्हणाले, "आरं, सिनेमा आम्हीच दोनदा बघितला होता. पण बंदोबस्ताला चौदा तास उभं राहिल्यावर पोरानं मागून ओरडलं की मग नव्हतं बरं वाटत." एवढंच. पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

ही काही एकट्या नानांची गोष्ट नाही. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पोलीस नाईक, हवालदार करत फार तर सहायक फौजदारापर्यंत पोचायचा, तोपर्यंत निवृत्तीचे पेढे वाटायची वेळ व्हायची. अलीकडे सरकारनं पोलीस नाईक हे मधलं पद रद्द केलं आणि शिपायाला निवृत्तीआधी फौजदार होता यावं अशी रचना केली. म्हणजे सखारामाची फाईल हलली म्हणायची, उशिरा का होईना.

आणि आत्ता

हे सगळं इतकं का उगाळतोय? कारण कड्यात, आष्टीत, सगळ्या बीड जिल्ह्यात पहाटे पाचला रस्त्यावर या. अंधारात पोरं पळताना दिसतील. पोरी पण. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानी ५० गुण, लेखी १००. २०२४ च्या भरतीत राज्यात साधारण १७ हजार जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. म्हणजे एका जागेला शंभर. अर्जदारांत इंजिनियर होते, एमबीए झालेले होते. माझ्या शाळेतली तीन पोरं दोन-तीन वर्षं पळताहेत. दुष्काळी भाग, कोरडवाहू जमीन, ऊसतोडीला जाणारी घरं. अशा घरात शिपायाची नोकरी लागली की पेढे गावभर जातात.

त्यांच्यासाठी ती वर्दी सोंग नाही. ते सगळ्यात खरं स्वप्न आहे. आणि ज्या दिवशी ती अंगावर चढेल, त्या दिवशी पुण्यातल्या कुठल्यातरी सिग्नलला, हेल्मेट न घातलेला आपल्यासारखाच कुणीतरी आयटीवाला मित्राला म्हणणार, "चल लवकर, पुढे पांडू उभाय."

मी 'पांडू हवालदार'वर बंदी घाला म्हणत नाहीये, देवा शपथ. तो पुन्हा बघा, जमल्यास घरच्यांसोबत (दादांची काही वाक्यं आली की खोलीत शांतता पसरेल, त्याची जबाबदारी तुमची). पण या वेळी दादांवरची नजर थोडी काढून शेजारी उभ्या असलेल्या सखारामाकडे वळवा. बँकेतून सुटून आलेला तो अठ्ठावीस वर्षांचा नट वाक्य संपल्यावर जो अर्धा सेकंद थांबतो, त्यात विनोदही आहे आणि थकवाही. दादांनी शिपायाला आपल्यातला म्हणून पडद्यावर आणला होता. आपण त्यातलं 'आपल्यातला' विसरलो आणि नाव तेवढं लक्षात ठेवलं.

असो. बराच मोठा झाला लेख. तुमच्या घरात, गल्लीत कुणी हवालदार असतील तर त्यांना एकदा विचारून बघा, हा सिनेमा कुठे आणि कुणासोबत बघितला होता ते. उत्तरं भारी मिळतात. कळवा मला. भेटू पुढच्या शनिवारी.